कौल

दुब्रोवनिकच्या तटावरून खाली पाहिलं
की आधी दिसतात छपरं, माणसं मागाहून.
वाळल्या गवताचा रंग, अक्रोडाच्या सालीचा,
मधेच नारिंगी, काही निवलेलं, काही अजून भडक,
जिथं जिथं तोफगोळा उतरला तिथं तिथं.
वेशीच्या कमानीपाशी नकाशा लावलाय,
त्यावर ठिपके.
ओरसात तो वाचत नाही.
त्यातले शंभरेक ठिपके त्यानं स्वतः झाकलेत.

तेव्हा तो छत्तीसचा. बाप छपरं शाकारणारा, आजाही.
डिसेंबरातल्या त्या सकाळनंतर
सगळ्या गावाला एकदम त्याचं नाव पाठ झालं.
कौलं मिळेनात. जवळची भट्टी केव्हाच विझलेली.
परदेशातून गाड्या आल्या:
सरळ, गुळगुळीत, एका मापाची,
शाळेच्या पहिल्या दिवशी रांगेत उभी केलेली पोरं जशी.
आणि जुनी? कुणी आखूड, कुणी पोट सुटलेलं,
एकावर कुत्र्याचं पाऊल, ओल्या मातीत उमटून भाजलं गेलेलं,
एकावर नुसती तीन बोटं.
लोक सांगतात, पूर्वी मांडीवर थापून घडवायचे.
ओरसातनं एक मांडीवर ठेवून पाहिलं नि हसला:
"एवढ्या लांब मांडीचा माणूस
कौलं कशाला करत बसेल? दर्यावर जाईल."

ढिगाऱ्यातून त्यानं मिळतील तेवढी वेचली.
प्रत्येकाला टिचकी मारायची.
खणखणलं तर डावीकडे,
बद्द वाजलं तर उजवीकडे.
मग नवी खाली, उताणी, पाणी वाहायला;
जुनी वर, पालथी, लोकांना दिसायला.
समितीच्या बाई खूश होत्या.

येलेनं मात्र ऐकलं नाही.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गोळा स्वयंपाकघरात आला तेव्हा
ती तळघरात शेजारणीचं बाळ थोपटत होती.
वर आली तर डोक्यावर आभाळ,
आणि चुलीवर कालच्या कोबीचं पातेलं
झाकणासकट शाबूत.
"भोकावर नवीच घाल," ती म्हणाली, "वरूनसुद्धा.
तेवढ्याच तुकड्यावर."
बाई म्हणाल्या, डोळ्यांना खटकेल.
"खटकू दे," येले म्हणाली. "मला खटकलं होतं."
ओरसात शिडीवर. त्यानं दोघींकडे पाहिलं
आणि नव्या कौलांची पाटी वर ओढून घेतली.

माझ्या भाषेत कौल म्हणजे छपरावरची भाजलेली माती.
कौल म्हणजे देवाला विचारून मिळालेलं उत्तर.
आणि लढाईनं ओस पडलेल्या गावाला
या, परत या, सारा माफ, असं लिहून दिलेला कागद,
तोही कौलच.
मोडक्या इटालियनमध्ये मी हे ओरसातला सांगितलं.
त्यानं बराच वेळ तंबाखू वळली.
"कागद आमच्याकडेही आले होते," म्हणाला.
"पावसात टिकले नाहीत."

येलेला जाऊन वीस वर्षं झाली.
काल तटावर उभा राहून तो मला तिचं छप्पर दाखवणार होता.
कपाळाशी हात धरून: घंटेचा मनोरा,
मग ती हिरवी खिडकी, मग डावीकडे तिसरं.
बोट थांबलं. पुढे सरकलं. मागे आलं.
खारा वारा, दगडफूल, तीसेक उन्हाळे.
"हे असावं." मग, "नाही, ते."
मग नुसताच उभा,
टोपी काढली, पुन्हा घातली.
चांगलं काम झालं म्हणावं की हरवलं काही,
मीही विचारलं नाही.

खाली कुणीतरी खिडकीतून चादर झटकली.
एकदम म्हणाला, "त्या धुराड्यामागं बघ,
एक कौल सरकलंय."
मला काहीच दिसेना.
तो पायऱ्या उतरायलासुद्धा लागला होता.